थोरल्यांचा चमचा

जेचॉन, ५ जानेवारी १९९४

सुन-ओक,

संत्र्यांची पेटी पोचली. वरचा थर उत्तम. खालच्या थरातली काही नासली आहेत. तुझा नवरा देठ नीट खुडत नाही, मग देठ शेजारच्या फळात घुसतो आणि पेटी इथे येईपर्यंत दोन्ही जातात. त्याला गेल्या वर्षीही सांगितलं होतं. जेजू बेटावर राहून माणूस उबेने आळशी होतो असं मी उगीच म्हणत नाही.

आज पंचांगातला छोट्या थंडीचा दिवस, मोठी थंडी पंधरवड्याने. मोठी थंडी छोट्या थंडीच्या घरी पाहुणी गेली आणि गोठून मेली, असं आई म्हणायची, आठवतं? यंदा ती म्हण शब्दशः खरी आहे. माझ्या शिक्के कोरायच्या दुकानात शाईची गादी दगड झाली आहे. शिक्का उमटवण्याआधी त्यावर तोंडाची वाफ सोडतो, तर ओठच चिकटायची भीती.

आमच्या गिर्यारोहण मंडळाची सोबेक डोंगराची हिवाळी चढाई सोळा तारखेला आहे. तुला माहीत आहे, आमचा तुकडीप्रमुख मुलाकडे देगूला राहायला गेला. जागा रिकामी आहे. नवा प्रमुख नाम काका नेमणार, तेही फेब्रुवारीत, डोंगराच्या पूजेच्या दिवशी वर शिखराखालीच. मंडळात तेच सर्वांत थोरले, त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. आयुष्यभर आगगाडीचं इंजिन चालवलेला माणूस आहे, उगाच शिट्टी वाजवत नाही.

मी इतकी वर्षं रांगेत शेवटी चालतो. शेवटचा माणूस म्हणजे काय, ते या लोकांना कळत नाही. कोण बसला, कोणाचं काय पडलं, कुणाची चाल बदलली, हे फक्त शेवटच्याला दिसतं. प्रत्येकाची पाठ मला पाठ आहे. पुढे चालायचा हक्क कुणाचा असेल तर माझा, आणि मला तो हवा आहे. लाजत नाही मी सांगायला.

पण स्पर्धेत उभं कोण आहे ठाऊक आहे? शाखाधिकारी प्यो! बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सगळे शाखाधिकारी म्हणतात आणि तोही वळून बघतो. डोक्यापासून पायापर्यंत नवा लाल पोशाख, जणू मिरची वाळत घातली आहे. पाठपिशवीला तापमापक लटकवलाय. प्रत्येक वळणावर थांबून ओरडतो, "उणे चौदा! उणे सोळा!" जणू वाचून दाखवलं की थंडी कमी होते.

परवा दुकानात आला. आपल्या आडनावाने हाक मारून म्हणतो, "मा साहेब, प्रमुखाचा एक शिक्का करून ठेवा. चांगला दगड वापरा हं."

मी विचारलं, "नाव कुणाचं कोरू?"

तर हसला. "अजून ठरलंय कुठे? पण माझ्या नावाला किती जागा लागेल ते बघून ठेवा."

मी त्याला चहा दिला नाही.

दोक-ग्यू

*

सोग्विपो, ११ जानेवारी

दादा,

पत्र वाचून तुझ्या भाचीने विचारलं, "मामा चिडलेत का?" मी म्हटलं, नाही गं, मामा खुशीत आहेत, चिडले की ते लिहीतच नाहीत.

देठाचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, दादांना सांग, संत्रं सालीसकट खाऊ नका, मग देठ टोचत नाही. तुमचं दोघांचं तुम्ही बघा.

प्रमुखपद तुला मिळावं असं मलाही वाटतं. पण दादा, लोक काय बघतात माहीत आहे का? पुढचा माणूस चुकला तरी चालतो, टोचून बोलणारा चालत नाही. तू वर गेलास की जीभ गळपट्ट्यात गुंडाळून ठेव. आणि त्या दिवशी काकांना काहीतरी गरम करून ने. सुक्या माशाचं सार ने, आईसारखं. तेवढं तुला येतं.

लोकरीच्या पायमोज्यांचे दोन जोड पाठवलेत. आतला पातळ, बाहेरचा जाड. तुला हे सांगायची गरज नाही हे माहीत आहे, तरी सांगते.

सुन-ओक

*

जेचॉन, १८ जानेवारी

सुन-ओक,

तुझा सल्ला ऐकला आणि नाक कापून घेतलं.

सार केलं होतं. मासा लाकडी दांडक्याने बडवून, हाताने तंतू सोडवून, तिळाच्या तेलात परतून, मग पाणी. अंडं शेवटी, न ढवळता. दोन थर्मासांत भरून वर लोकरीचं फडकं बांधलं. वरपर्यंत वाफ टिकली, हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

चढाई जशी असते तशी. प्योचा तापमापक उणे वीसवर गेला आणि तिथेच गोठला, तेव्हापासून तो गप्प, हा एकच फायदा. डोंगराच्या कण्यावर पोचलो तर वारा असा की बोललेलं वाक्य शेजाऱ्याला न ऐकू येता खालच्या गावात ऐकू जावं. तिथे प्योच्या बुटाखालचे लोखंडी दात निखळले. उलटे बांधले होते! डाव्याचे उजव्याला. आणि ते बांधायला कोण वाकलं? नाम काका. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बर्फात गुडघा टेकून या मिरचीचे पट्टे आवळतो, आणि ही मिरची वर बघत उभी. मी शेवटून पोचेपर्यंत काम झालं होतं, नाहीतर मी काकांना उठवून त्याला जमिनीवर बसवलं असतं.

जरा पुढे खुरट्या झुडपात एक हातमोजा अडकलेला दिसला. नवाकोरा, आत सशाची लोकर, सेऊलमधल्या मोठ्या दुकानाची पट्टी शिवलेली. सेऊलचे लोक डोंगरावर येतात आणि वस्तू उधळत जातात. पिशवीत टाकला.

शिखराखाली चौकीदाराच्या खोपटाआड जेवायला बसलो, म्हाताऱ्या, बारमाही हिरव्या यू झाडांच्या आडोशाला. सगळ्यांनी डबे उघडले. मी पहिला वाडगा काकांपुढे ठेवला, चमचा उजव्या बाजूला, दांडा त्यांच्याकडे. वाफ निघत होती. आता थोरल्याने चमचा उचलायचा, मग बाकीच्यांनी. एवढं तर आपल्याकडे शेंबडं पोरही पाळतं.

काका हात बाह्यांत घालून बसून राहिले.

आम्ही थांबलो. बांगबाईंनी, त्या आमच्या चिटणीस, गोड आवाजात म्हटलं, "काका, घ्या ना. पोरं ताटकळलीत." (ही पोरं म्हणजे पन्नाशीच्या पुढचे बाप्ये.)

काका म्हणाले, "घेतो. जरा दृश्य पाहू दे."

दृश्य! समोर धुकं. हात लांब केला तर स्वतःचं नख दिसेना. आणि हा माणूस दृश्य पाहतोय. साराची वाफ संपली. मग वर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा आला. भाताचे खडे झाले. प्यो कुजबुजला, पण मला ऐकू येईल असा, "काकांना मासा चालत नाही वाटतं."

शेवटी काका उठले. "चला, झालं. थंडी वाढतेय. चालता चालता खा काय खायचं ते." सगळ्यांनी उपाशीपोटी डबे बंद केले.

आणि आता ऐक. प्योने चॉकलेट काढलं, सोललं, आणि काकांच्या तोंडाशी धरलं. काकांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं! माझ्या साराला चमचा लागला नाही, आणि याचं चॉकलेट तोंड उघडून! सगळ्यांनी पाहिलं. बारा माणसांसमोर मला सांगून टाकलं की प्रमुख कोण होणार.

मी ते सार यू झाडाच्या मुळाशी ओतलं. पुढच्या महिन्यात चांद्र नव्या वर्षाच्या नमस्काराला यंदा मी नाम काकांच्या उंबऱ्यावर जाणार नाही. इंजिनवाल्याला चॉकलेटवाले लखलाभ.

दोक-ग्यू

*

सोग्विपो, २५ जानेवारी

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग नवऱ्याला वाचून दाखवायला घेतलं, ते अर्ध्यात सोडून हे लिहायला बसले.

तू तिळाएवढ्या जागेत माणसाचं नाव कोरतोस. बारा माणसांच्या पाठी तुला पाठ आहेत. आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याचे हात बाह्यांतून बाहेर का येत नाहीत, हे तुला दिसलं नाही? कुणालाच दिसलं नाही? बारा जण एका चमच्याकडे टक लावून बसलात आणि हाताकडे एकानेही पाहिलं नाही. धन्य तुमचं मंडळ आणि धन्य तुमचं वळण.

दादा, त्यांना चमचा उचलता येत नव्हता. बोटं गेली होती त्यांची. चॉकलेट त्यांनी तोंडाने घेतलं, कारण हाताने घेता येत नव्हतं. तो प्यो, मिरची का असेना, निदान तोंडापर्यंत तरी पोचला.

तुला हे माहीत नाही, कारण तू तेव्हा लष्करात होतास. बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात चालेनासा झाला. जेवणाच्या पाटाशी बसले की म्हणायचे, "जरा थांबा, पाऊस पाहू दे." बाहेर पाऊस नसायचा. आई चिडायची, आम्ही सगळे थांबायचो. मला कळायला आठवडा लागला. मग मी त्यांना स्वयंपाकघरात दार लावून भरवायची. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही, मला शपथ घातली होती. म्हणून "दृश्य पाहू दे" हे तुझ्या अक्षरात वाचलं आणि मला बाबांचाच आवाज ऐकू आला.

पट्टे बांधायला त्यांनीच काढलेला असणार तो हातमोजा, कुठे आहे? फेकला नाहीस ना? तो घेऊन त्यांच्या घरी जा. नमस्काराच्या दिवसाची वाट बघू नकोस, उद्याच जा. आणि तिथे व्याख्यान देऊ नकोस.

सुन-ओक

*

जेचॉन, १ फेब्रुवारी

सुन-ओक,

गेलो होतो.

काकूंनी दार किलकिलं केलं. "हे मुलाकडे सेऊलला गेलेत." पायरीवर त्यांचे बूट होते. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली, तशी झिजवणारा माणूस या गावात एकच आहे. मी म्हटलं, "काकू, बूट न घालता गेले का सेऊलला?" आतून काकांचा आवाज आला, "येऊ दे त्या शिक्केवाल्याला. नाहीतर दारातच कोरत बसेल."

काका खालून तापवलेल्या जमिनीवर गोधडीत बसले होते. हातमोजा पुढे ठेवला. बघितला, म्हणाले, "सुनेने पाठवला होता. त्या बँकवाल्याचे पट्टे बांधताना काढला, वाऱ्याने नेला. आता एकट्याचं काय करू? ठेव तिकडे." गोधडीतून उजवा हात काढला. पट्ट्यांचा गोळा. वॉनजूच्या इस्पितळात तीन बोटांची टोकं काढली. डावा सुजलेला, पण राहील म्हणतात.

मी हातमोजा त्यांच्या उशाशी ठेवला.

मग त्यांनी माझी हजेरी घेतली. "तुला शेवटी चालवतो कशाला? मेंढ्या राखायला? माझा चमचा उचलला जात नव्हता हे एकाही गाढवाला दिसलं नाही!" मी मान खाली घातली. तर लगेच दुसरं, "आणि दिसलं असतं, कुणी कीव केली असती, तर एकेकाला दरीत ढकलला असता."

मी म्हटलं, "मला नाही दिसलं. बहिणीला दिसलं. पत्रावरून."

"कुठे असते ती?"

"जेजूला."

"समुद्रापलीकडून दिसलं? मग तिलाच प्रमुख करतो."

त्यांनी मला शपथ घातली. मंडळात कुणाला कळता कामा नये. कळलं तर सगळे हळहळतील, आणि पुढच्या वेळेपासून त्यांना पायथ्याच्या चहाच्या टपरीत बसवतील, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला. "मी पिशव्या सांभाळणार नाही, मा. पूजेला येणार. डॉक्टर नाही म्हणतो. डॉक्टर कधी इंजिनात बसलाय?"

दुकानात शिक्क्यांच्या पिशव्यांचं रेशीम पडून होतं. त्यातून काकांच्या बोटांना घालायच्या खोळी शिवतोय, आत तुझ्याकडचा लोकरीचा पातळ मोजा कापून. शिवण बाहेरून, म्हणजे जखमेला लागणार नाही. मोजा कापला याबद्दल ऐकून घेणार नाही.

दोक-ग्यू

*

सोग्विपो, ७ फेब्रुवारी

दादा,

मोजा काप. दुसराही काप.

पण एक विचार केलास का? पूजेनंतर तुम्ही पुन्हा जेवायला बसणार. पुन्हा बारा डबे उघडणार आणि बारा जण पुन्हा त्या एका चमच्याकडे बघत बसणार. ते हातमोज्यात चमचा धरू शकणार नाहीत. भरवून घेणार नाहीत. "दृश्य" दुसऱ्यांदा चालणार नाही, तुमच्यात गाढवं असली तरी इतकी नाहीत.

आणि प्रमुख त्याच जेवणानंतर नेमणार, नाही का?

नव्या वर्षाचा नमस्कार तुला इथूनच. वाकून, कपाळ जमिनीला टेकवून. तू काय करणार आहेस ते कळव.

सुन-ओक

*

जेचॉन, २१ फेब्रुवारी

सुन-ओक,

मी काय केलं ते तुला आता कदाचित बांगबाईंच्या चुलतबहिणीकडूनही कळेल, ती सोग्विपोतच असते. तिची गोष्ट ऐकायच्या आधी माझी वाच.

पूजेसाठी उकडलेल्या डुकराचं डोकं आणायचं काम प्योकडे होतं. ते हसरं असावं लागतं, ओठ वर वळलेले. याने आणलं ते असं उदास, जणू बँकेने कर्ज नाकारलंय. वर पोचेपर्यंत गोठून त्याचा आणखीच चेहरा पडला. तरी सगळे त्याच्यापुढे गंभीरपणे वाकले.

भाताची पांढरी दारू डोंगराला वाहायचा मान काकांचा. त्यांनी हातमोजे न काढता वाटी दोन तळव्यांच्या मधे धरली आणि ओतली. बांगबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बघा, किती भक्तीने धरलंय!" यावर काय बोलणार? या लोकांना बुबुळं आहेत, नजर नाही.

मग जेवण. तीच जागा, तीच झाडं. या वेळी मी भात मुद्दाम घट्ट बांधून आणला होता, किमचीतली कोबीची तिखट पानं अख्खी, न कापता. काकांपुढे तसाच डबा आणि साराचा वाडगा ठेवला. चमचा आणि जेवायच्या काड्याही ठेवल्या, नियमाप्रमाणे. सगळे काकांकडे बघू लागले.

मी हातमोजा काढला, भाताचा गोळा मुठीत घेतला, किमचीच्या पानात गुंडाळला आणि तोंडात कोंबला. थोरल्याच्या आधी. हाताने. मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि सार ओरपलं, आवाज करून.

सुन-ओक, सगळ्यांच्या माना काकांकडून माझ्याकडे वळल्या.

प्यो म्हणाला, "मा साहेब... काकांनी अजून..."

मी तोंडात भात असतानाच म्हटलं, "भूक लागलीय."

"अहो, पण निदान चमचा..."

"चमचा थंड आहे."

बांगबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या लोणच्याच्या बरणीत थुंकलोय. कुणीतरी म्हणालं, "शिकलेला नाही ना शेवटी." ते मात्र मी लक्षात ठेवलंय, आवाज ओळखलाय.

मग काका गरजले. तो आवाज बोगद्यात शिरताना शिट्टी वाजवणाऱ्याचा. "मा! तुझ्या बापाने तुला चमचा दाखवला नव्हता?"

"दाखवला होता, काका. थंडीत विसरलो."

"रानटी! अशा माणसाच्या पंगतीत चमचा धरायची मला लाज वाटते." आणि त्यांनी स्वतःचा चमचा मनगटाने बाजूला सारला, वाडगा दोन तळव्यांत धरला, उचलला, आणि तळापर्यंत प्यायले. गरम होतं, सुन-ओक. वाफ त्यांच्या भुवयांवर गोठली. मग भाताचा गोळा, तोही तसाच, दोन तळव्यांत, खारीसारखा.

आता थोरलाच चमचा न धरता जेवतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? चमचा उचलला तर काकांना शिकवल्यासारखं होतं. बारा सुसंस्कृत माणसं हाताने जेवली. प्योच्या नव्या लाल पोशाखावर किमचीचा रस ओघळला, आणि लालावर लाल असूनही दिसत होता. बांगबाईंच्या बोटांना तिखट लागलं आणि त्यांनी ते डोळ्याला लावलं. मी पोटभर जेवलो. इतकं चांगलं सार माझ्या हातून याआधी झालं नव्हतं.

मग काकांनी प्रमुख नेमला. "शाखाधिकारी प्यो. जो थोरल्यासाठी थांबत नाही, तो पुढे चालायच्या लायकीचा नाही." टाळ्या झाल्या. हातमोज्यातल्या टाळ्यांचा आवाज होत नाही, हे एक बरं. नियमाने त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

प्योचा शिक्का कोरून दिला. दगड तोच, जो मी माझ्यासाठी निवडून ठेवला होता. एकही रेघ वाकडी नाही. मूर्खाचं नाव वाकडं कोरलं तर कारागीर मूर्ख ठरतो.

बाबांचं नाव तिथे वाईट झालं, "तुझ्या बापाने" म्हणून. ते तुला सोसावं लागेल. तुलाच सांगू शकतो, कारण ते का झालं हे फक्त तुला आणि बाबांना समजलं असतं.

उतरताना प्यो पुढे. पहिल्याच वळणावर चुकीच्या बाजूला वळला, मी मागून ओरडून वळवला. काका नेहमी प्रमुखाच्या मागे, दुसऱ्या जागी चालतात. काल ते बाजूला उभे राहिले, सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, आणि माझ्यासमोर, शेवटून दुसरे, येऊन उभे राहिले.

बांगबाईंनी विचारलं, "काका, इकडे कुठे?"

"मी आता इथेच चालणार. या रानट्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी."

सगळे हसले. मीही मान खाली घातली, शोभेल तितकी.

पुढे खडकावर बर्फाचा पातळ थर असतो, तिथे दोरखंड धरून उतरावं लागतं. धरायला बोटं लागतात. आमच्या पुढचे वळणाआड गेले होते. काका थांबले. मागे बघितलं नाही, फक्त कोपर मागे केलं. मी धरलं.

"हळू धर," ते म्हणाले. "रानट्या."

दोक-ग्यू